मदत हवी आहे: काचेच्या पेटीतल्या बाळाला इन्फेक्शन, पुण्याला हलवावं का?

नमस्कार मंडळी. एनआयसीयूबाहेरच्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाबाहेरच्या) बाकड्यावर बसून मोबाईलवरून लिहितोय, चुका पोटात घाला.

मुलगी ३१ व्या आठवड्यात झाली, वजन १३८० ग्रॅम. आठ दिवस छान गेले. पेटीच्या गोल खिडकीतून बोट दिलं की घट्ट धरायची. नवव्या दिवशी पोट फुगलं, दूध पचेना, मध्येच श्वास घ्यायला विसरू लागली. रक्ताच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून बघायच्या तपासणीत) क्लेबसिएला नावाचा जंतू निघाला. नेहमीची अँटिबायोटिक्स त्याला लागू पडत नाहीत, म्हणून मेरोपेनेम हे जास्त जोरदार अँटिबायोटिक चालू केलंय. डॉक्टरांनी लपवाछपवी केली नाही. सरळ म्हणाले, "हे जन्मताना आलेलं नाही, इथलंच आहे." तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही.

त्यात काल दाराजवळच्या सॅनिटायझरचा पंप दाबला तर नुसतं फुस्स. रात्री एका सिस्टरकडे चार बाळं. एकीचं दुपटं बदलताना शेजारच्या पेटीचा अलार्म वाजला, तर ती तशाच हातांनी धावली. मला राग आला. मग आठवलं, मी स्वतः अंगठी आणि मनगटावरचा लाल दोरा न काढता आत गेलो होतो.

सासूबाई म्हणतात दृष्ट लागली. माझ्या आईच्या मते दुधातच दोष. बायको बिचारी दर तीन तासांनी दूध काढतेय आणि रडतेय.

पुण्याला हलवावं का? इथून दीडशे किलोमीटर आहे. पाठीतलं पाणी काढायला सही मागताहेत, त्यानं मूल अधू होतं म्हणतात, खरं का? आणि स्वच्छतेबद्दल बोलायचं तरी कसं? पोर त्यांच्याच हातात आहे.

चाफा: दादा, आधी आईंना सांगा, दुधात दोष नाही. उलट या बाळांना जंतूंपासून वाचवायला आईच्या दुधासारखं दुसरं काही नाही. कमी पडलं तर दूध पेढीचं, म्हणजे दुसऱ्या आयांनी दान केलेल्या दुधाचं, विचारा. मुंबईत सायनच्या रुग्णालयात १९८९ पासून आहे, तशा आता बऱ्याच शहरांत झाल्यात. आमचा २८ आठवड्यांचा होता, आता पहिलीत आहे आणि घर डोक्यावर घेतो. डॉक्टर हो म्हणाले की कांगारू चालू करा, उघड्या छातीवर बाळ. तुम्हीही घेऊ शकता, फक्त वहिनीच नाही.

निवृत्त सिस्टर: एनआयसीयूत अकरा वर्षं काढलीत, म्हणून स्पष्ट लिहिते. श्वास विसरणारं बाळ दीडशे किलोमीटर नेणं हाच मोठा धोका. तुमच्या रुग्णालयात व्हेंटिलेटर किंवा बालशल्यचिकित्सक नसेल तर गोष्ट वेगळी, ते डॉक्टरांना विचारा. पण क्लेबसिएलाच्या भीतीनं हलवू नका, तो मोठ्या ठिकाणीही असतो. २०११ ते २०१४ मध्ये दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांत नवजात बाळांचा अभ्यास झाला, त्यातही असिनेटोबॅक्टर या जंतूच्या पाठोपाठ हाच होता.

पाठीच्या पाण्याला सही करा. सुई मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली जाते. जंतू मेंदूच्या आवरणापर्यंत पोचलाय का, हे त्याशिवाय कळत नाही. पोचला असेल तर औषधाचा डोस बदलतो आणि साधारण तीन आठवडे द्यावं लागतं. शिरेतली लाईन (औषध द्यायची नळी) किती दिवसांची आहे, कल्चर पुन्हा कधी पाठवणार, हेही विचारा. चौथ्या आठवड्यात डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. अमिकासिन हे अँटिबायोटिक दिलं असेल तर कानांची तपासणी विसरू नका.

आणि बोलायचं कसं? "तुम्ही हात धूत नाही" म्हणालात की सिस्टर मिटून जाते. चार बाळं एकटीनं बघताना काय होतं ते मला विचारा. इन्चार्ज सिस्टरला म्हणा, "ताई, बाटली संपलीय, भरून मिळेल का?" तिच्या देखत अंगठी काढा, कोपरापर्यंत हात धुवा.

धागाकर्ता: सही केली. अंगठी बायकोच्या पर्समध्ये गेली. दोरा कापताना आईनं तोंड फिरवलं, पण कापू दिला. बाटली तासाभरात भरली. बाळाला दूध देणं बंद आहे तोपर्यंत काढलेलं घरच्या फ्रिजच्या दारात, अंड्यांशेजारी ठेवलंय. चालेल?

चाफा: दारात नको, उघडझाप होते. आतल्या बाजूला, झाकण लावून, वर तारीख-वेळ लिहून. किती तासांपर्यंतचं चालतं ते तिथल्या सिस्टरलाच विचारा, प्रत्येक युनिटचा नियम वेगळा.