भर दुपारी समुद्र, कृष्णधवल लाँग एक्स्पोजर: एकच एनडी (प्रकाश कमी करणारा गडद फिल्टर) घ्यायचा तर कोणता?

ओली_वाळू:
दुपारी बारा ते तीन याच वेळात किनाऱ्यावर जाता येतं. खडकांभोवतीचं पाणी कृष्णधवल, लांब शटरने टिपायचं आहे. एपीएस-सी मिररलेस कॅमेरा, १८-५५ किट लेन्स, बऱ्यापैकी जड ट्रायपॉड, वायरचं रिमोट आणि एक सर्क्युलर पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) आहे. पैसे एका गोल फिल्टरपुरतेच आहेत, त्यामुळे लेन्स-ट्रायपॉड सुचवू नका. १० स्टॉप (दर स्टॉपला प्रकाश निम्मा) घ्यावा की व्हेरिएबल (फिरवून गडदपणा बदलता येणारा)?

कातळ:
१० स्टॉप, डोळे मिटून. आयएसओ १००, एफ/११ ला भर उन्हात शटर साधारण १/२५० येतं. १० स्टॉप म्हणजे सुमारे हजारपट, म्हणजे ४ सेकंद. व्हेरिएबल म्हणजे एकमेकांवर बसवलेले दोन पोलरायझर. टोकापर्यंत फिरवला की वाइडला (रुंद कोनात) आकाशात काळी फुली उमटते, १८ मिमीला तर हमखास.

निळाई:
४ सेकंदांत ना धड लाट, ना धड धुकं. पाणी गुळगुळीत हवं असेल तर १६ स्टॉप लागतात. एफ/११ ला चार मिनिटांच्या वर जाता. १०० मिमीचा चौकोनी होल्डर घ्या आणि १० व ६ अशा दोन काचा. खर्च एकदाच होतो, माझा सेट सगळ्या लेन्सना चालतो.

कातळ:
त्यांनी एकच गोल फिल्टर म्हटलंय. शिवाय काचेमागची फोमची पट्टी नीट बसली नाही तर असल्या उन्हात कडेने प्रकाश शिरतो आणि फोटोवर फिकट पट्टा येतो.

निळाई:
आणि दोन गोल काचा एकावर एक चढवल्या की १८ ला कोपरे काळे होतात, त्याचं काय?

खारट:
१० स्टॉपला +१. पण कुठलीही काच उचलू नका. स्वस्तातल्या गडद काचा इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणारा प्रकाश) अडवत नाहीत, त्याची छटा फोटोवर चढते. कृष्णधवल आहे म्हणून रंगछटा आली तरी चालेल, हे अर्धंच खरं. लाल चॅनल आधी भरून जातो, आणि निळं आकाश गडद करायला नेमका तोच वापरायचा असतो. हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) तिन्ही रंगांचा वेगवेगळा बघा, फेस जळतोय (तपशील जाऊन नुसता पांढरा होतोय) का ते तिथेच कळतं. काचेवर तुषार बसले तर कोरड्या फडक्याने घासू नका, वाळूचे चरे पडतात. आधी ब्लोअर, मग गोड्या पाण्यात ओलसर केलेलं मायक्रोफायबर.

रोल_१२०:
फिल्म वापरा. एफपी४ प्लस या कृष्णधवल फिल्मवर मीटर ३० सेकंद सांगत असेल तर रेसिप्रॉसिटीमुळे (लांब एक्स्पोजरला फिल्म मंदावते) सुमारे ७३ सेकंद द्यायचे (३० चा १.२६ वा घात). फेसातले टोन असे डिजिटलमध्ये येत नाहीत.

कातळ:
त्यांच्याकडे फिल्म कॅमेरा नाही हो.

स्थिर:
फिल्टर कोणताही घ्या, शॉट बिघडतो तो ट्रायपॉडच्या पायांमुळे. परतणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते आणि शटर उघडं असतानाच कॅमेरा कलतो. सगळ्यात खालचा जोड पाण्याच्या वर राहील इतका पाय उघडा, दाबून रोवा, दोन-तीन लाटा जाऊ द्या आणि मगच फ्रेम लावा. मधला दांडा वर काढू नका. वजनासाठी टांगलेली लोंबती पिशवी वाऱ्याने हलते, ती वाळूला टेकलेली हवी. स्टॅबिलायझर बंद. फोकस फिल्टर लावण्याआधी करून मॅन्युअलवर टाका. फिल्टर चढवताना किट लेन्सची झूम रिंग सरकते, तेवढं पुन्हा बघा.

सरासरी:
१० स्टॉपच घ्या. ४ सेकंदांचे ३० शॉट लागोपाठ काढून एडिटिंगमध्ये मीनने (सरासरी काढून) एकत्र करा. दोन मिनिटांचा परिणाम मिळतो, वर नॉइज घटतो. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन मात्र बंद ठेवा. नाहीतर प्रत्येक शॉटनंतर कॅमेरा तेवढाच वेळ अडून बसतो आणि ढग तुटक येतात.

निळाई:
एवढ्या उठाठेवीपेक्षा १६ स्टॉप बरा.

ओली_वाळू:
सगळ्यांचे आभार. मी ६ स्टॉप घेतेय. एफ/११ ला १/४ सेकंद, वर पोलरायझरचे दीड-दोन स्टॉप धरले की पाऊण ते एक सेकंद. खडकावरून परतणाऱ्या पाण्याच्या रेघा मला सुट्या हव्या आहेत, ४ सेकंदांत त्या एकमेकींत मिसळतात. कडक उन्हात त्या रेघा काळ्या खडकावर उठून दिसतील. ढगांसाठी सरासरी यांची युक्ती ६ स्टॉपवरही चालेल, फक्त शॉट जास्त घ्यावे लागतील.

कातळ:
लिहून ठेवा, लवकरच १० घ्याल.

खारट:
पोलरायझर पूर्ण फिरवलात तर ओल्या खडकाची चकाकी जाते, कृष्णधवलमध्ये तीच तर हवी. स्क्रीनवर बघत थोडा मागे आणा. १८ मिमीला निळं आकाशही एकाच बाजूला काळवंडतं.

स्थिर:
दोन्ही फिल्टरच्या रिंगा हलक्या हाताने लावा, आट्यांत वाळूचा कण गेला तर अडकतात. अडकल्याच तर चिमटीत आवळू नका, रिंग दबून लंबगोल होते आणि आणखी घट्ट बसते. कडेला रबर बँड गुंडाळून सगळीकडून सारखा जोर देत फिरवा.