मधमाश्यांच्या मॅक्रोसाठी (अगदी जवळून टिपलेल्या फोटोंसाठी) आधी काय घ्यावं? सल्ला हवा

परसबाग:
गच्चीवर तुळस, सब्जा आणि वांगी लावली आहेत. मंजिऱ्यांवर फुलोरी आणि सातेरी माश्या सतत असतात, मधूनच निळ्या पट्ट्यांची गुबगुबीत माशीही येते. त्यांचे डोळे, पायांवरचा पराग जवळून टिपायचा आहे. कॅमेरा कॅनन २००डी, सोबत ५५-२५० मिमी लेन्स. मॅक्रो लेन्स सध्या परवडणार नाही. एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणारी पोकळ नळी) घेऊ की क्लोज-अप लेन्स (लेन्सच्या तोंडावर लावायचं भिंग)? आणि फोटो हललेलेच येतात, त्याला उपाय काय?

रानजाई:
ताई, ट्यूब नको. २५ मिमीची ट्यूब ५० मिमी लेन्सवर अर्धपट मोठेपणा देते (म्हणजे सेन्सरवरची प्रतिमा खऱ्या आकाराच्या निम्मी), पण २५० मिमीवर तिची भर जेमतेम एक दशांश. त्यापेक्षा रेनॉक्स डीसीआर-१५० ही क्लोज-अप लेन्स घ्या. तुमच्या लेन्सच्या तोंडावर ती खटक्याने बसते. लेन्स २५० मिमीवर नेली की साधारण १.२ पट मोठेपणा मिळतो, म्हणजे सेंटीमीटरभराची सातेरी अर्ध्याहून जास्त फ्रेम व्यापते. अंतरही वीसेक सेंटीमीटर राहतं. हिचीच थोरली बहीण डीसीआर-२५० जास्त मोठं दाखवते, पण तिच्यासाठी माशीच्या बारा सेंटीमीटर जवळ जावं लागतं. सुरुवातीला तो हट्ट नको.

पण खरं सांगायचं तर पैसे आधी फ्लॅशवर खर्च करा. मॅन्युअल पॉवर असलेला कुठलाही साधा फ्लॅश चालेल. ॲपर्चर एफ/११, शटर १/२००, आयएसओ १०० ते २००, फ्लॅश १/८ पॉवरवर. या सेटिंगला उन्हाचा वाटा कमी आणि फ्लॅशचा जास्त असतो. फ्लॅशचा झोत अगदी क्षणिक असल्याने माशी गोठल्यासारखी दिसते. मात्र पुढे डिफ्युझर (प्रकाश मऊ करणारा पडदा) हवाच, नाहीतर डोळ्यांवर पांढरे ठिपके येतात. बटर पेपरचे दोन थर पुरेत, फक्त तो पडदा मोठा आणि माशीच्या शक्य तितका जवळ असावा.

ऑटोफोकस बंद करा. श्वास रोखून शरीरच किंचित पुढेमागे हलवा आणि डोळा स्पष्ट दिसला की क्लिक.

भुंगा_७:
रानजाईंशी सहमत. माशीच्या मागे धावू नका, एक मंजिरी धरून बसा. ती निळ्या पट्ट्यांची माशी म्हणजे ॲमेजिला. वांग्याचं फूल घट्ट धरून ती थरथरते आणि पराग झाडून घेते, तेवढा क्षण जागेवर असते. तिचे नर रात्री वाळलेली काडी जबड्यात पकडून झोपतात. संध्याकाळी काड्या हेरून ठेवा आणि उजाडायच्या आत गच्चीवर जा.

माशी फ्रिजमध्ये गार करून फोटो काढायचा सल्ला कुणी दिला तर कृपा करून ऐकू नका. आणि आग्यामोहोळाजवळ फ्लॅश घेऊन जाऊच नका. आग्या माशी फुलावर आली की तिथे खुशाल टिपा.

परसबाग:
खूप आभार! फ्लॅशने माश्या बिथरतात का? आणि झोपलेल्या माशीचं फोकस स्टॅकिंग (वेगवेगळ्या फोकसचे अनेक फोटो जोडून एक पूर्ण स्पष्ट फोटो करणं) जमेल का?

रानजाई:
फुलावर मकरंद पिणारी माशी माझ्या अनुभवात फ्लॅशकडे ढुंकूनही पाहत नाही, सावली पडली तर मात्र उडते. स्टॅकिंग जमेल. वारा नसेल तेव्हा एफ/५.६ वर, कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून करा. काडी कुंडीतली असेल तर कुंडी भिंतीच्या आडोशाला ठेवा, पण आदल्या दुपारीच.