मदत हवी आहे: किनारपट्टीच्या ग्रुपवर एक्सच्या लिंकना बंदी घालावी का?

खाडीकाठी:

नमस्कार मंडळी,

विषय जरा नाजूक आहे. राजकारणात नेऊ नका, ही आधीच हात जोडून विनंती. (नेणारे नेतीलच, माहीत आहे.)

दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या गावांचा मिळून आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. केळशी, आंजर्ले, हर्णै, बुरोंडी ते थेट दाभोळपर्यंतची मंडळी त्यात आहेत. तांडेल (नौकेचे प्रमुख), खलाशी, होमस्टेवाले, बागायतदार आणि गावात गणपती-शिमग्याला उगवणारे पण ग्रुपवर बारा महिने हजर असणारे चाकरमानी. निसर्ग वादळानंतर हा ग्रुप निघाला. ३ जून २०२० ला ते दिवेआगर-श्रीवर्धनच्या बाजूने जमिनीवर आलं आणि आमच्याकडच्या नारळी-पोफळी आडव्या करून गेलं. वीज नाही, रेंज नाही, मुंबईतल्या पोरांना घरची खबर लागेना. तेव्हापासून ग्रुपचं काम ठरलेलं: हवामान, बंदर, रस्ता, रेल्वे. वाढदिवसाच्या शुभेच्छासुद्धा आम्ही उडवतो. मी ॲडमिनांपैकी एक.

आता मागणी आली आहे की एक्सवरची, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवरची, एकही लिंक ग्रुपवर नको. मागणी करणारी तरुण मंडळी आहेत आणि त्यांचं म्हणणं मला झटकून टाकता येत नाही. मस्कने ऑक्टोबर २०२२ मध्ये ४४ अब्ज डॉलरला कंपनी घेतली, निम्म्याच्या आसपास माणसं घरी बसवली, आधी बंद केलेली कितीतरी खाती पुन्हा सुरू केली. पुढे २० जानेवारी २०२५ ला ट्रम्प यांच्या शपथविधीच्या दिवशी त्याने व्यासपीठावरून छातीवर ठेवलेला हात सरळ पुढे ताणला. अनेकांना तो नाझी सलाम वाटला, त्याने स्वतः तो आरोप उडवून लावला. त्यानंतर रेडिटवरच्या कितीतरी समूहांनी एक्सच्या लिंक बंद केल्या. आमची पोरं म्हणतात, आपण का मागे राहायचं?

दुसऱ्या बाजूला आमचे तांडेल. त्यांना मस्क कोण याच्याशी देणंघेणं नाही. हवामान खात्याचं खातं तिथे आहे, कोकण रेल्वेचं आहे. जुलै २०२४ मध्ये दिवाणखवटीजवळ दरड येऊन गाड्या अडकल्या, तेव्हा सगळे तिथलीच माहिती इकडे आणून टाकत होते. एका जुन्या तांडेलाने ग्रुपवर व्हॉइस मेसेज टाकला: "पाटलाशी वैर म्हणून पाणवठा सोडायचा काय रे?" त्याला उत्तर द्यायला कोणी पुढे आलं नाही.

इथपर्यंत असतं तर मतदान घेऊन मोकळा झालो असतो. खरा घोळ पुढे आहे.

लिंक बंद केली की लोक स्क्रीनशॉट टाकतात. आणि स्क्रीनशॉटने आमची एकदा चांगलीच जिरवली आहे. १ ऑगस्टला मासेमारीबंदी उठते हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या हंगामाच्या तोंडावर हर्णैच्या नौका निघायच्या तयारीत होत्या. खणात बर्फ भरलेला, डिझेलचे कॅन चढवलेले, जेवणाचा शिधा आत गेलेला. तेवढ्यात ग्रुपवर एक फोटो आला: नकाशा, रायगड-रत्नागिरी लालभडक, मच्छिमारांनी समुद्रात जाऊ नये. झालं! निम्म्या नौका आंजर्ल्याच्या खाडीत जाऊन बसल्या. बाहेर आकाश उघडं, वारा मंद. बंदरावर तीन नंबरचा धोक्याचा बावटा लागलेला नाही म्हणून कुणीतरी चौकशी केली, तेव्हा कळलं की तो इशारा आदल्या वर्षीचा. टाकणाऱ्याने वरची पट्टी कापली होती आणि तारीख त्याच पट्टीत होती. खणातला बर्फ पाणी होऊन गेला, दिवस बुडाला. टाकणारा बिचारा परळला बसून काळजीपोटी टाकत होता, त्याला काय बोलणार?

म्हणजे बंदी घातली तर जे येतं ते लिंकपेक्षा वाईट, अशी माझी भीती आहे. लिंक उघडली की निदान तारीख, वेळ आणि खातं दिसतं.

तर जाणकारांना विचारायचं आहे ते असं. मालकाच्या वागण्यावरून बंदी घालणं अशा कामाच्या ग्रुपला परवडतं का? घातलीच, तर इशाऱ्यांचं काय करायचं? कुणी आपल्या ग्रुपवर असं करून पाहिलं असेल तर अनुभव सांगा. तत्त्वज्ञान नंतर.

पर्वतीकर:

तुमच्या त्या तरुण मंडळींच्या बाजूने लिहितो. प्रश्न एका हातवाऱ्याचा नाही. जुलै २०२३ पासून एक्स काही खातेदारांना आपल्या उत्पन्नातला वाटा देतं. म्हणजे जुना वादळाचा व्हिडिओ "आत्ताचा" म्हणून टाकणाऱ्याला चार पैसे सुटू शकतात. तुमच्या ग्रुपवरून शंभर जणांनी ती लिंक उघडली की ती पोस्ट गाजवण्यात तुमचाही हातभार. मोठमोठी वर्तमानपत्रंही बाहेर पडली. 'द गार्डियन'ने १३ नोव्हेंबर २०२४ ला जाहीर केलं की आपल्या अधिकृत खात्यांवरून आता तिथे काही टाकणार नाही. ते पाण्याबाहेर राहू शकतात तर आपल्याला काय धाड भरली आहे?

खाडीकाठी:

पर्वतीकर, पैशाचा मुद्दा पटला, हा माझ्या डोक्यात आला नव्हता. पण गार्डियनचं अर्धंच सांगितलंत. त्यांनी स्वतः टाकणं थांबवलं; बातमीची गरज असेल तिथे एक्सवरची पोस्ट अधूनमधून लेखात दाखवू, हेही त्यांनी तेव्हाच म्हटलं होतं. म्हणजे त्यांनीही पाणवठा पूर्ण सोडलेला नाही.

डोंबिवलीकर:

मी सॉफ्टवेअरवाला, मूळचा गुहागरचा. तांत्रिक बाजू सांगतो, ती भावनेपेक्षा जास्त कामाची आहे.

एक. जूनअखेर २०२३ ला एक्सने खातं नसलेल्यांना दार लावलं. नंतर ते थोडं उघडलं. सुटी पोस्ट बहुतेकदा दिसते, पण खातं नसताना हवामान खात्याचं पूर्ण पान उघडलंत तर ताज्या पोस्ट क्रमाने दिसत नाहीत, जुन्या गाजलेल्या वर येतात. तुमच्या तांडेलाने "हवामान खात्याचं ट्विटर बघतो" म्हणून ते पान उघडलं तर दोन वर्षांपूर्वीचा रेड अलर्ट पहिला दिसू शकतो. तुमचा आदल्या वर्षीचा फोटो असाच कुठूनतरी आला असेल तर आश्चर्य नाही.

दोन, निळी टिक. नोव्हेंबर २०२२ पासून ती पैसे भरून मिळते, एप्रिल २०२३ मध्ये जुन्या फुकटच्या टिकाही काढून घेतल्या. अगदी सुरुवातीलाच एका औषध कंपनीच्या नावाने खोटं खातं काढून, टिक विकत घेऊन "इन्सुलिन आता फुकट" असं कुणीतरी ठोकून दिलं होतं आणि कंपनीला खुलासा करत बसावं लागलं. सरकारी खात्यांना करडी टिक असते. लोकांना एवढं शिकवलंत तरी पुष्कळ.

आणि इशाऱ्यासाठी एकाच खासगी कंपनीच्या भरवशावर राहणं किती बेभरवशाचं असतं ते अमेरिकेने भोगलं आहे. २०२३ मध्ये ट्विटरने आपोआप पोस्ट टाकण्याच्या सोयीला पैसे लावले. तिथल्या हवामान खात्याच्या स्वयंचलित इशाऱ्यांवर मर्यादा आली, न्यूयॉर्कच्या लोकल-बसवाल्या एमटीएने एप्रिलअखेर तिथे सूचना टाकणंच थांबवलं. ओरडा झाल्यावर मे महिन्यात सरकारी आणि सार्वजनिक सेवांना ती सोय पुन्हा फुकट दिली. म्हणजे नळ कुणाच्या हातात आहे ते बघा. मस्क उद्या साधुसंत झाला तरी हा मुद्दा राहतोच.

मालवणचो:

आमच्या हयसर असोच वाद झालो. लिंक नको म्हटल्यार लोका फोटो टाकूक लागले. मगे तेची तारीख खय बघूची? शेवटाक दोनय बंद केला. आता ज्येका सांगूचा आसा तेना स्वताच्या हातान लिवूचा: कोणी सांगल्यान, कधी सांगल्यान. लिवूचो कंटाळो येता म्हणून अर्धी अफवा थयच मरता.

खाडीकाठी:

मालवणचो, हे सोन्यासारखं सांगितलंत. आळसाचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

सुरंगी:

मी हर्णैचीच, सध्या रत्नागिरीला. तुम्ही सगळे आत काय येतं तेवढंच बोलताय. बाहेर काय जातं? जानेवारी २०२६ मध्ये एक्सवरच्या ग्रोक या एआयकडून बायकांच्या साध्या फोटोंवरून कपडे उतरवलेली चित्रं बनवून घेण्याचा प्रकार जगभर गाजला. इंडोनेशिया आणि मलेशियाने ग्रोकवर तात्पुरती बंदी घातली, आपल्या सरकारनेही एक्सला नोटीस धाडली. आणि आपल्या ग्रुपवर लिलावात टोपली घेऊन बसलेल्या बायकांचे फोटो पर्यटक म्हणून आलेले कुणीही काढतात, "हर्णैचा रंगीबेरंगी लिलाव" म्हणून तिकडे टाकतात. चेहरा स्पष्ट, गाव स्पष्ट. एकीलाही विचारलेलं नसतं. बंदीच घालायची तर आधी यावर घाला: ग्रुपवरचा फोटो एक्सवर किंवा कुठेही, त्या बाईला विचारल्याशिवाय जाणार नाही. लिंकचं मग बघा.

पर्वतीकर:

सुरंगीताईंना पूर्ण सहमत. माझ्या प्रतिसादात हे यायला हवं होतं.

काळा_कोट:

वकिली करतो म्हणून दोन ओळी. ॲडमिन घाबरलेले दिसतात. सभासदाने टाकलेल्या पोस्टसाठी ॲडमिनला नुसता ॲडमिन आहे म्हणून दोषी धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे. पण टाकणाऱ्याची सुटका नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५, कलम ५४: आपत्तीबद्दल खोटा इशारा पसरवून घबराट उडवली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. हे ग्रुपच्या माहितीत चिकटवून ठेवा, परळवाल्यांची काळजी आपोआप आटोक्यात येईल.

अवांतर: ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने ३० ऑगस्ट २०२४ पासून ८ ऑक्टोबरपर्यंत अख्ख्या देशात एक्स बंद ठेवलं होतं. तो न्यायालयाचे आदेश न पाळल्याचा मामला होता, मालक आवडत नाही याचा नव्हे. बंदीला कारण कुठलं हे महत्त्वाचं असतं.

खाडीकाठी:

सगळ्यांचे आभार. काल ॲडमिनांनी बसून पुढचं ठरवलं आहे, चुकत असेल तर बोला.

मस्कवरून बंदी नाही. ज्याला बहिष्कार घालायचा त्याने खुशाल घालावा, खातं बंद करावं, आम्ही टाळ्या वाजवू. पण दर्यात निघालेल्या माणसाने आपल्या निषेधात सामील व्हावं अशी सक्ती मला करवत नाही. पर्वतीकरांना हे पचणार नाही, त्याला इलाज नाही.

नुसती लिंक मात्र उडवली जाईल, आणि नुसता फोटोही. एक्स असो, फेसबुक असो, यूट्यूब असो. इशारा लिहूनच टाकायचा: कुठल्या कार्यालयाचा, कुठल्या तारखेचा, किती वाजताचा, कुठपर्यंत लागू. खाली लिंक द्यायची तर द्या, करड्या टिकेच्या खात्याची. मूळ आधार हवामान खात्याचं संकेतस्थळ नाहीतर 'मौसम' ॲप, लाटांसाठी हैदराबादच्या इन्कॉईस या सरकारी संस्थेचा अंदाज, आणि शंका आली तर जिल्हा नियंत्रण कक्षाला १०७७ वर फोन. नौका काढायची की नाही हे ग्रुप सांगणार नाही, ते बंदरावरचा बावटा सांगेल.

सुरंगीताईंचा नियम सगळ्यात वर घातला आहे. त्यावर ग्रुपवर आत्ताच दोघा होमस्टेवाल्यांची कुरकुर सुरू झाली, की लिलावाचे फोटो टाकले नाहीत तर गिऱ्हाईक कसं येणार. मासळीचे टाका, म्हटलं.

एकच अडचण उरली आहे. रात्री अडीचला इशारा आला तर तो लिहून कोण टाकणार? आम्ही तिघेही झोपणारे. एखाद्या तांडेलाला ॲडमिन करावं का, की दुबईत नोकरीला असलेल्या आमच्या एका पोराला? तो जागा असतो पण बंदर बघून त्याला वर्षं झाली.

मालवणचो:

दोघांकय करा. दुबयवालो लिवात, तांडेल वाचून हो म्हणात, मगेच टाका.

डोंबिवलीकर:

+१. आणि सेटिंगमध्ये जाऊन इशाऱ्यांसाठी वेगळा ग्रुप काढा, जिथे फक्त ॲडमिन लिहू शकतील. चर्चा जुन्या ग्रुपवर होऊ दे. लोकांना सांगा, वेगळ्या ग्रुपचा आवाज रात्री चालू ठेवा आणि जुन्याचा बंद.

खाडीकाठी:

करतो. जुन्याचा आवाज बंद करायला सांगितलं तर बरेच जण लगेच ऐकतील.