ओपनमेटाडेटा अपडेट केलं आणि एका बटणापायी आण्णांची वर्णनं गेली. आता नव्यातलं काय चालू ठेवू?

दूधवाली_डेटा:
नमस्कार मंडळी. मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका दूध संघात डेटाचं काम बघते. टीम म्हणजे मी, एक नवा पोरगा आणि अर्धा सिस्टिम अ‍ॅडमिन (उरलेला अर्धा प्रिंटर दुरुस्त करत असतो). दीड वर्षापूर्वी ओपनमेटाडेटा बसवलं, म्हणजे कुठल्या टेबलात, कुठल्या कॉलममध्ये काय आहे हे नोंदवून ठेवणारा कॅटलॉग. एक तर ते ओपन सोर्स, आणि दुसरं म्हणजे बिलिंगच्या मायएसक्यूएलमध्ये कुठल्या टेबलात काय आहे हे छातीठोकपणे सांगणारा माणूस एकच उरला होता. संकलन विभागातले आण्णा. तेही गेल्या वर्षी निवृत्त झाले.

कॉलमची नावं एफआर१, एफआर२, एसटी७ अशी. आण्णा जायच्या आधी दोन महिने रोज दुपारच्या चहानंतर माझ्या शेजारी बसायचे. ते सांगायचे, मी टाइप करायचे. "एफआर१ म्हणजे दिवाळीचा फरक न्हवं पोरी, तो संस्थेची पावती आणि आपला टँकर यातला फरक. दिवाळीचा एफआर२." असली वाक्यं मी जशीच्या तशी वर्णनात ठेवली. (दिवाळीचा फरक म्हणजे दिवाळीला उत्पादकांना दिली जाणारी दुधाच्या दरातली फरकाची रक्कम.) फरक या एका शब्दावरून आमच्याकडे लेखापाल आणि संकलनवाले किती वेळा भांडलेत, विचारू नका.

परवा नवी आवृत्ती टाकली. इन्जेशनच्या (डेटाबेसमधून टेबल-कॉलमची माहिती कॅटलॉगमध्ये ओढून आणण्याच्या) सेटिंगमध्ये 'ओव्हरराइड मेटाडेटा' दिसलं. मला वाटलं, ताजी माहिती येत असेल. केलं चालू. रात्री इन्जेशन झालं, सकाळी बघते तर आण्णांच्या वाक्यांच्या जागी डेटाबेसमधल्या जुन्या कॉमेंट. एफआर२ वर काय लिहिलंय माहितेय? "टेम्प. नंतर काढणे." पंधरा वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिलेलं.

चूक माझीच, वाचलं नाही. पण हे परत मिळेल का? आणि दुसरं, डेटा कॉन्ट्रॅक्ट (टेबलात काय असायलाच हवं याचा करार), डोमेन (टेबलांचे विषयवार गट), एमसीपी (एआयला कॅटलॉगशी जोडणारी सोय) असं बरंच नवीन दिसतंय. आमच्या साहेबांनी त्यात 'एआय' वाचल्यापासून रोज फोन येतोय. आमच्यासारख्यांनी यातलं काय चालू करावं?

जुना_डीबीए:
ताई, आधी ते बटण बंद करा. आज रात्रीचं इन्जेशन चालायच्या आत. मग पुढचं वाचा.

गेलेलं नाहीये. प्रत्येक टेबलाच्या पानावर वरच्या बाजूला ०.४, ०.५ असा आवृत्तीचा आकडा असतो, त्यावर क्लिक करा. कुठल्या आवृत्तीत कुठलं वर्णन गेलं आणि काय आलं ते दिसेल. दहा-वीस कॉलम असतील तर हाताने कॉपी करा. शेकडो असतील तर एपीआयने टेबलाच्या आवृत्त्या काढा, आदल्या दिवशीची घ्या आणि स्क्रिप्टने वर्णनं परत चढवा.

त्याहून सोपा मार्ग: अपडेटच्या आधी ओपनमेटाडेटाच्या स्वतःच्या डेटाबेसचा डंप, म्हणजे पूर्ण प्रत, घेतला होता का? घेतला असेल तर दुसऱ्या मशीनवर जुनी आवृत्ती उभी करा, त्यात डंप भरा, वर्णनं तिथून काढा. चालू सर्व्हरवर डंप परत ओतू नका, स्कीमा (टेबलांची रचना) बदललेला असतो. आणि अपडेटनंतर सर्च इंडेक्स नव्याने बांधलाय ना? इन्जेशनचं पायथन पॅकेज सर्व्हरच्याच आवृत्तीचं आहे ना? हे दोन राहिले की लोक भलतीकडेच भूत शोधत बसतात.

मावळातला_पायथन:
माझं मत वेगळं. आण्णांची वाक्यं डेटाबेसच्या कॉलम कॉमेंटमध्येच टाका की. मग ओव्हरराइड चालू असलं तरी तीच येतील. मूळ जागी मूळ माहिती.

जुना_डीबीए:
@मावळातला_पायथन ऐकायला बरं वाटतं. पण मायएसक्यूएलमध्ये कॉलमची नुसती कॉमेंट बदलता येत नाही, अख्खी व्याख्या पुन्हा लिहावी लागते. त्यात नॉट नल (रिकामं चालणार नाही ही अट) लिहायचं राहिलं की ते गेलं. डीफॉल्टचंही तसंच. दर दहा दिवसांनी ज्या टेबलावरून शेतकऱ्यांची बिलं निघतात त्यावर हा प्रयोग? मी तरी नाही करणार. आणि करायचाच तर शो क्रिएट टेबल काढून, त्यातली ओळ उचलून, आधी टेस्टवर.

ठाणेकर_विश्लेषक:
नव्या गोष्टींबद्दल. मी एका दुग्ध कंपनीत मुंबईहून गेले तेव्हा पहिल्या बैठकीत सगळे "बीएमसीचा डेटा उशिरा येतो" म्हणत होते आणि मी अर्धा तास विचार करत होते की दुधाचा महापालिकेशी संबंध काय. बल्क मिल्क कूलर! म्हणून माझा आग्रह: सगळ्यात आधी ग्लॉसरी, म्हणजे शब्दांचे ठरलेले अर्थ. तुमचा 'फरक' तिथे दोन वेगळ्या संज्ञा म्हणून जाऊ दे, आणि एफआर१, एफआर२ त्यांना जोडा. संज्ञेला रिव्ह्यूअर नेमता येतो. एक लेखापाल आणि एक संकलनवाला असे दोघं ठेवा, म्हणजे भांडण तरी एका जागी नोंदलं जाईल. ही सोय नवी नाहीये, पण लोक ती सोडून चकचकीत गोष्टींमागे धावतात.

डेटा कॉन्ट्रॅक्ट एकाच टेबलावर करून बघा, बिलाच्या. कुठले कॉलम असायलाच हवेत, फॅट शून्य नको, मालक कोण, एवढंच. डोमेनबिमेन तीन माणसांच्या टीमला कशाला?

आणि सॅम्पल डेटा बघा जरा. उत्पादकांचे बँक खाते क्रमांक, आधार तिथे उघडे दिसत असतील. त्या कॉलमना पीआयआय सेन्सिटिव्ह (संवेदनशील वैयक्तिक माहिती) टॅग लावला की इतरांना ते झाकलेले दिसतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचं नाव घ्या, साहेब लगेच हो म्हणतील.

मावळातला_पायथन:
एमसीपीबद्दल एवढंच, एआय तुमच्या कॅटलॉगमधलं वर्णन वाचूनच उत्तर देणार. आज चालू केलंत तर साहेबांनी "दिवाळीचा फरक किती?" विचारल्यावर ते म्हणेल, हा कॉलम तात्पुरता आहे, नंतर काढायचा आहे. 😄 डंपचं पटलं, डीबीए काका.

दूधवाली_डेटा:
सगळ्यांचे आभार. बटण त्याच संध्याकाळी बंद केलं.

डंप होता. अर्ध्या अ‍ॅडमिनने घेतला होता आणि मला सांगितलाच नव्हता, त्याला आता पूर्ण अ‍ॅडमिन म्हणणार. एका जुन्या पीसीवर आधीची आवृत्ती उभी केली, पोराने स्क्रिप्ट लिहिली. ३१८ कॉलमची वर्णनं परत आली. नऊ कॉलमचं अपडेटनंतर मी काहीबाही बदललं होतं, ती आवृत्त्यांमध्ये बघून हाताने नीट केली. खाते क्रमांकांना टॅग लावले (उघडेच होते, आई शप्पथ). 'फरक'च्या दोन संज्ञा झाल्या, लेखापालांनी पहिल्याच दिवशी एक नामंजूर केली. साहेबांना मावळकरांचं उदाहरण ऐकवलं, ते हसले आणि एमसीपी दिवाळीनंतर बघू म्हणाले.

खात्री करायला आण्णांना फोन केला. एकेक वाक्य वाचून दाखवलं. एसटी७ ला थांबले. म्हणाले, "ह्ये मी तुला चुकीचं सांगितलंय. ती संस्थेची स्थिती न्हवं, टँकरचा कप्पा हाय." दीड वर्ष आम्ही त्यावर रिपोर्ट काढतोय.

आता त्यांना व्हीपीएन आणि लॉगिन काढून दिलंय. काल रात्री त्यांनी वर्णन बदलायच्या विनंतीचे चार टास्क माझ्या नावावर टाकलेत.