अनुभव धागा: सकाळी निघून संध्याकाळी घरी आलेल्या सहली

मागच्या गुरुवारी आईला घेऊन वाईला जाऊन आले आणि तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय, म्हणून धागा काढतेय. विमान, हॉटेल, व्हिसा असल्या मोठ्या ट्रिपांबद्दल सगळेच लिहितात. मला ऐकायचंय ते सकाळी डबा बांधून निघालेल्या आणि दिवेलागणीला घरी परतलेल्या सहलींबद्दल. जिथे काहीतरी हसण्यासारखं झालं आणि कुणीतरी असं भेटलं की ज्याचे आभार मानायचे राहून गेले.

माझ्यापासून सुरुवात करते. आई ७६ वर्षांची. २०२२ पासून पंच्याहत्तरी पार केलेल्यांना एसटी फुकट आहे आणि २०२३ च्या मार्चपासून आम्हा बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे घरातून निघायला आता निमित्त लागत नाही. आजवर लग्नाकार्यात कुणी वय विचारलं की आई "झाली की आता साठी" एवढंच सांगायची. आणि त्या दिवशी स्वारगेटला गाडीत बसल्या बसल्या कंडक्टर अजून चार सीट लांब होते तेव्हाच ही आधार कार्ड उंच धरून "शहात्तर पूर्ण!" म्हणून मोठ्यांदा सांगतेय. कंडक्टर म्हणाले, "आजी, बघितलं, आता ठेवा आत." तरी पलीकडच्या बाईंना दाखवलं, मागच्यांना दाखवलं. शेजारच्या सीटवर एक काका होते ७२ चे, त्यांना अर्धं तिकीट पडलं, तर आई त्यांना म्हणते, "तुमची अजून तीन वर्षं आहेत, तब्येत सांभाळा." काकांनी हसत हात जोडले. ते शून्य रुपयांचं तिकीट आईने पाकिटात देवाच्या फोटोमागे जपून ठेवलंय, अजून आहे.

ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, कृष्णेला पूर आला की पाणी त्या टोकावर फुटून दोन्ही अंगांनी निघून जावं म्हणून. आईने त्या भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाली केवढा विचार केलाय रे बाबांनो! मग रिक्षाने मेणवलीला गेलो. नाना फडणवीसांच्या वाड्यामागे घाटावर देवळापाशी ती मोठी घंटा आहे ना, वसईच्या मोहिमेनंतर मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून आणलेली, तिच्यावर १७०७ साल आणि बाळाला घेतलेली मेरी कोरलेली आहे. आईने तिलाही नमस्कार केला, म्हणाली तीही आईच की. घाटाच्या पायऱ्या उंच, आईचे गुडघे दुखतात, मला एकटीला जमेना. आमचे रिक्षावाले दादा न बोलवता खाली आले, दुसऱ्या बाजूने हात धरला, एकेक पायरी मोजत वर आणलं. थांबल्याचे पैसे देऊ केले तर घेतले नाहीत, म्हणाले माझी आई असती तर एवढीच असती. मी त्यांचं नावसुद्धा विचारलं नाही, ते मनाला लागलंय.

आता तुम्ही लिहा. दोन ओळी लिहिल्यात तरी चालेल.

*

एसटीचा विषय निघालाय तर सांगतो, १ जून ही तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९३० च्या १ जूनला डेक्कन क्वीन सुरू झाली आणि १९४८ च्या १ जूनला पुणे-नगर पहिली एसटी धावली. मी आणि बायको दर वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला डेक्कन क्वीनने मुंबईला जातो, मुंबईत काहीही काम नसतं, फक्त डायनिंग कारमध्ये टेबलाशी बसून घाट बघत ऑम्लेट आणि टोस्ट खायचा. सव्वासातला निघायचं, संध्याकाळी पाच दहाच्या त्याच गाडीने परत. एकदा खंडाळ्याला बोगदा आला, अंधार झाला, उजेड आला तर आमच्या प्लेटमधलं कटलेट गायब. समोर बसलेला चार वर्षांचा मुलगा गाल फुगवून खिडकीबाहेर बघतोय. त्याची आई शरमेने लाल! आम्ही दोघं इतके हसलो की डोळ्यातून पाणी आलं, आणि आणखी एक प्लेट मागवून त्याच्यासोबत खाल्लं. आम्हाला मूलबाळ नाही. तो वाढदिवस सगळ्यात छान गेला आमचा.

*

आम्ही कल्याणचे. नातवाला राणीच्या बागेतले पेंग्विन बघायचे होते, रात्रभर झोपला नाही, पहाटे पाचला बूट घालून तयार. भायखळ्याला उतरून चालत चालत गेटवर आलो तर गेट बंद. बुधवार! राणीची बाग बुधवारी बंद असते, शेजारचं भाऊ दाजी लाड म्युझियमही बुधवारीच बंद. नातवाचा ओठ थरथरायला लागला. तिथले वॉचमन मामा खाली त्याच्या उंचीला बसले. हा विचारतो, "पेंग्विनला पण सुट्टी असते?" तर मामा एकदम गंभीर चेहऱ्याने "मग? सहा दिवस उभं राहून पाय दुखतात त्यांचे, आज झोपलेत." हे ऐकल्यावर नातू हळू आवाजात बोलायला लागला, ते उठतील म्हणून. मग त्याच मामांनी सांगितलं की सीएसएमटीला जा, तिथून नवीन डबल डेकर सुटते, ११५ नंबर, एनसीपीएपर्यंत जाते, पोराला वर पुढच्या काचेपाशी बसवा. गेलो. तेव्हा सहा रुपये तिकीट होतं, एसी, समोर अख्खी काच आणि खाली सगळी मुंबई, मग तो शेवटी दिसणारा समुद्र. तीन फेऱ्या केल्या, कंडक्टरताईंनी तिसऱ्या फेरीला ती जागा कुणाला बसू न देता राखून ठेवली होती. पेंग्विन नंतर एका रविवारी पाहिले, छान आहेत. पण नातू अजून विचारतो, आज बुधवार आहे का, मग बसने जाऊया.

*

पावसाळ्यात माथेरानला जाणाऱ्यांसाठी, नेरळहून टॉय ट्रेन पावसाळ्यात बंद असते, वरची अमन लॉज ते माथेरान शटल चालू असते. आम्हाला माहीत नव्हतं, नेरळला उतरल्यावर कळलं, मग शेअर टॅक्सीने दस्तुरीपर्यंत. त्याच्या पुढे गाड्यांना बंदी आहे त्यामुळे तेव्हा शटल किंवा पाय किंवा घोडा. शटलची रांग मोठी होती म्हणून चालत निघालो रुळांच्या कडेने लाल चिखलातून, धुकं इतकं की पुढे चाललेल्या बाबांची फक्त पिवळी छत्री दिसत होती आणि आम्ही सगळे त्या छत्रीमागे. अर्ध्या तासाने छत्री थांबली, वळली, आणि छत्रीखाली भलतेच काका! आमचे बाबा मागे कणीस खात उभे होते. त्या काकांनी विचारलं सुद्धा, तुम्ही सगळे माझ्यामागे का येताय. मग ते आणि आम्ही एकत्रच गेलो, ते एकटेच आले होते. मार्केटमध्ये सगळ्यांना चहा त्यांनीच पाजला. अजून दिवाळीला त्यांचा मेसेज येतो, नावाच्या जागी फक्त पिवळी छत्री.

*

गोव्यातून. रायबंदरहून चोडणची फेरीबोट, पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. माझी आजी तिला "आमचं क्रूज" म्हणते. महिन्यातून एका रविवारी न्हेसण बदलून, केसांत अबोली माळून आम्ही जातो, चोडणला उतरतो, पाव-भाजी आणि मिरची भजी खातो, परत बोटीत. भरतीओहोटी, खारफुटीवरचे बगळे, सगळं आजी नव्याने बघितल्यासारखं बघते. एक टुरिस्ट मुलगी तिला विचारत होती क्रूजला किती लागले, आजी म्हणाली "कांय ना गो, देवान दिल्लें." बोटीवरचे भाऊ आजी चढेपर्यंत फळी उचलत नाहीत, कितीही हॉर्न वाजले तरी.

*

गोव्याचं वाचून राहवलं नाही. मी दुबईला असतो. २०२२ च्या नोव्हेंबरात बाबा आले होते मालवणहून. त्यांना मॉल दाखवले, उंच बिल्डिंगी दाखवल्या, बाबा नुसतं "बरां आसा" म्हणायचे आणि प्रत्येक किमतीला बावीसने गुणायचे, तेव्हा एका दिरहमचे साधारण बावीस रुपये होते. बाहेर कॉफीही पिईनात. मला वाटलं यांना बोलावून चूक केली की काय, खरंच तसं वाटायला लागलं होतं. मग एका शनिवारी बर दुबईला खाडीवर नेलं. तिथे अब्रा असते, लाकडी होडी, एक दिरहम द्यायचा आणि पलीकडे देऱ्याला. बाबा होडीत पाय ठेवताच सरळ झाले. आजोबांची होडी होती आमच्या, बाबांचं लहानपण त्यातच गेलंय. बसल्याबरोबर नावाड्याला मालवणी-हिंदीत विचारलं इंजिन किती वर्षांचं, तळाला काय लावतोस, पाणी कुठून आत येतं. तो बांगलादेशचा, त्याला अर्धं कळत होतं अर्धं नाही तरी दोघं एकमेकांना हातवारे करून समजावत होते. देऱ्याला उतरलो आणि बाबा लगेच वळून परत रांगेत! असे सहा वेळा पार केलं, मध्ये अंधार पडला, दिवे लागले. सहाव्यांदा त्याने बाबांचं नाणं घेतलं नाही, मूठ मिटून परत त्यांच्या हातात ठेवली. बाबा मला म्हणाले, "हो आपलोच माणूस रे." दुबईहून त्यांनी गावाला काय नेलं तर ते एक दिरहमचं नाणं. शोकेसमध्ये आजोबांच्या फोटोसमोर आहे. बावीसने गुणत नाहीत त्याला.

*

वऱ्हाडातलं कोणीच लिहित नाही म्हणून लिहितो. आम्ही अमरावतीचे, बाबा भूगोलाचे मास्तर होते. दर श्रावणात परतवाड्यावरून चिखलदरा, ठरलेलं. त्या वर्षी मोठी वहिनी लग्न होऊन नवीनच आली होती, मुंबईची, तिला चिखलदरा दाखवायचा म्हणून बाबा आठ दिवस आधीपासून तयारीत. वर गेलो तर काय, पांढरं! स्वतःचा हात दिसे ना. पण बाबा कुठे थांबतेत, काठी रोखून "सूनबाई, हा समोर गाविलगड, ती त्याची तटबंदी", वहिनी म्हणते हो बाबा. "अन् ही दरी, भीमानं कीचकाला मारून इथंच फेकला, म्हणून कीचकदरा, त्याचंच चिखलदरा झालं म्हणतात", हो बाबा. "हे कॉफीचे मळे, आपल्या महाराष्ट्रात कॉफी पिकते ती इथंच", हो बाबा. दोन तास एकेका पॉइंटवर उभं राहून आम्ही पांढऱ्या धुक्याचा भूगोल शिकलो. शेवटी टपरीवर चहा पीत होतो आणि धुकं उठलं, पडदा ओढावा तसं, दोन मिनिटं फक्त. गाविलगड समोर नव्हता, आमच्या पाठीशी होता! बाबांनी चष्मा पुसला, काही बोलले नाहीत. आणि वहिनी पटकन म्हणाली, "बाबा, तुम्ही सांगितलं होतं अगदी तसाच आहे." टपरीवाल्या दादाने तोंड फिरवलं हसू लपवायला आणि बाबांना चहा आणखी दिला, पैसे नको म्हणाला. बाबा जाऊन आता सहा वर्षं झाली. वहिनी आजही चिखलदऱ्याला गेली की पोरांना पाठमोरं उभं करून सांगते, हा समोर गाविलगड.

*

माझी सहल तुमच्यासारखी गावाबाहेर जात नाही. ह्यांचं डायलिसिस असतं आठवड्यातून तीनदा, तीन वर्षं झाली. पहिले सहा महिने आम्ही तिथून सरळ घरी यायचो, दोघंही गप्प. मग एकदा आमच्या रिक्षावाल्याने स्वतःहून सारसबागेपाशी रिक्षा उभी केली आणि म्हणाला "काका, दहा मिनिटं झाडाखाली बसा, मीटर बंद करतो." तेव्हापासून दर शनिवारी बसतो. ह्यांना पाणी मोजून प्यायचं असतं, त्यामुळे लोक उसाचा रस पितात तेव्हा आम्ही घरून थर्मासमध्ये नेलेला बर्फाचा एक खडा काढतो. ह्यांच्या तोंडात तो विरघळेपर्यंत जेवढा वेळ लागतो तेवढी आमची सहल. शेजारी पेशवे पार्कातली फुलराणी, मुलांची छोटी आगगाडी, शिट्टी वाजवते. ती सुरू झाली १९५६ ला आणि हे तेव्हा सहा वर्षांचे होते, सुरुवातीच्या दिवसांतच बसलेत, त्यांच्या वडिलांनी खांद्यावर बसवून रांगेत उभं केलं होतं. दर शनिवारी शिट्टी ऐकली की ही गोष्ट सांगतात, आणि दर वेळी गोष्टीतली रांग थोडी लांबते. आता स्वारगेटपर्यंत गेलीये. मी हसते, मग तेही हसतात, बर्फ तोंडात असताना हसू नये तर खडा बाहेर पडतो, मग दुसरा काढायचा नसतो कारण मोजलेलं असतं. मागच्या शनिवारी तसंच झालं. बाजूच्या बाकावर कॉलेजची दोन मुलं होती, त्यांना कळेना हे म्हातारे पडलेल्या बर्फाकडे बघून एवढे का हसतायत, पण तीही हसायला लागली.

*

धागाकर्ती. सगळं आईला वाचून दाखवलं. पिवळ्या छत्रीला दोनदा वाचायला लावलं आणि कटलेटवाल्या मुलाला तिने चार शिव्या दिल्या, प्रेमाने. सारसबागेच्या ताई, आम्ही सिंहगड रोडला राहतो, तुम्हाला चालणार असेल तर एखाद्या शनिवारी आई आणि मी येऊ का बाकावर? खायला काही आणणार नाही. आईला ह्या काकांच्या तोंडून रांगेची गोष्ट ऐकायचीये, तीही फुलराणीत बसलीये लहानपणी आणि तिच्या मते रांग नव्हतीच.

आणि चिखलदऱ्याचे दादा, आईला घेऊन जायचं तर कोणत्या महिन्यात जाऊ? धुकं असलं तरी चालेल म्हणतेय.