एअर लॉकर बसवताना हवेची नळी आणि बॅकलॅश

प्रश्न: माझ्या जिम्नी या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीच्या मागच्या ॲक्सलमध्ये एअर लॉकर (हवेच्या दाबाने दोन्ही चाके एकत्र फिरतील असे जखडणारे उपकरण) बसवायचे ठरवले आहे. हवेची नळी आत घेण्यासाठी हाउसिंगला (ॲक्सलच्या बाहेरच्या कवचाला) भोक कुठे पाडावे आणि क्राउन-पिनियन (ॲक्सलमधील एकमेकांत अडकणारी मोठी व छोटी दातेरी चाके) जुळवताना काय तपासावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पहिले उत्तर: भोक ऑइलच्या पातळीच्या वर आणि क्राउनपासून दूर घ्यावे, कारण आतली तांब्याची बारीक नळी फिरत्या दात्यांना लागली तर ती कापली जाते. लोखंडाचा एकही कीस आत राहता कामा नये.

दुसरे उत्तर: बेअरिंग कॅप (बेअरिंग जागेवर धरणाऱ्या टोप्या) उघडण्यापूर्वी त्यांवर डाव्या-उजव्या खुणा अवश्य कराव्यात, कारण या कॅप आपापल्या जागेशी जोडीनेच घडवलेल्या असतात, त्यामुळे अदलाबदल चालत नाही. बॅकलॅश (दोन चाकांच्या दात्यांमधील मोकळी फट) डायल गेज या सूक्ष्म मोजमापाच्या उपकरणाने क्राउनच्या तीन-चार ठिकाणी मोजून कंपनीच्या मॅन्युअलमधील मर्यादेतच ठेवावा आणि दात्यांना रंग लावून संपर्काचा ठसा पाहावा. अंदाजाने हे काम करू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

तिसरे उत्तर: ऑइल भरण्यापूर्वी नळीत दाबाने हवा भरून सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे, बुडबुडे दिसले तर सील किंवा सांधा गळतो आहे. कोरड्या डांबरी रस्त्यावर लॉकर कधीही चालू ठेवू नये.