फायनल मैदानात पडद्यावर दाखवावी का? आणि महापालिकेने?

सांगलीची लेक
२ नोव्हेंबर २०२५. महिला विश्वचषकाची फायनल नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर, आणि आम्ही सांगलीत. गल्लीतल्या मंडळाच्या पोरांनी पटांगणात पडदा बांधला होता. पावसामुळे सामना पाचला सुरू झाला, तोवर सतरंज्या पसरून निम्मं पटांगण बायकांनी भरलेलं. माझी आई सत्तरीची. टीव्हीवर क्रिकेट लागलं की उठून स्वयंपाकघरात जाणारी. त्या रात्री ती शेवटपर्यंत बसली. आमच्या सांगलीची स्मृती मानधना ४५ वर बाद झाली तेव्हा "आपली पोरगी गेली गं" म्हणत शेजारणीचा हात धरून होती.

शेवटच्या विकेटला दीप्तीच्या चेंडूवर हरमनप्रीत झेलासाठी मागे पळत गेली. आमचं प्रक्षेपण मोबाइलवरून जोडलेलं, काही सेकंद मागे. पलीकडच्या गल्लीत फटाके आधी वाजले, झेल आम्हाला नंतर दिसला. तरी सगळं पटांगण एकदम उभं राहिलं.

हे पोरांनी वर्गणी काढून केलं. ना परवानगी, ना स्वच्छतागृह. बायकांनी आळीपाळीने समोरच्या घराचं दार वाजवलं. माझं म्हणणं एवढंच की अशा दिवशी शहराने स्वतः मैदान द्यावं, पडदा लावावा आणि नीट व्यवस्था करावी.

गच्चीवरून
ताई, तुमचा आनंद खरा आहे. पण मी मैदानाला लागून राहतो, पुण्यात. वडिलांची बायपास झालीय. २९ जून २०२४ ला पुरुषांच्या टी-ट्वेंटी विश्वचषकाची फायनल आपल्या वेळेने रात्री साडेअकराच्या सुमारास संपली. ध्वनिक्षेपक दहाला बंद व्हायला हवेत, नियम २००० सालापासून आहे. सण-उत्सवांसाठी बारापर्यंत सूट मिळते, तीही वर्षात जास्तीत जास्त पंधरा दिवस. गणपती आणि नवरात्रात ते दिवस संपतात. क्रिकेटसाठी आणखी दिवस कुठून काढणार? वडील कानात कापूस घालून झोपतात. महापालिकाच नियम मोडायला लागली तर तक्रार कोणाकडे करायची?

बंदोबस्तातला
मी पोलिसात होतो, आता निवृत्त. ४ जुलै २०२४ ला मरीन ड्राइव्हला होतो. विश्वविजेत्यांची बस नरिमन पॉइंटहून वानखेडेला जायची होती. त्या गर्दीतून रुग्णवाहिकेला वाट करून दिली लोकांनी, ते सगळ्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी रस्त्यावर उरलेला चपलांचा खच मी जवळून पाहिला. एकेक चप्पल म्हणजे पाय निसटलेला एकेक माणूस. पुढच्या वर्षी ४ जूनला बंगळुरूत आयपीएल विजयाच्या जल्लोषात चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरीत ११ जण गेले.

ती मिरवणूक होती, पडदा नव्हता, असं म्हणाल. मग इटलीतलं ट्युरिन घ्या. ३ जून २०१७, सान कार्लो चौक. युव्हेंटस आणि रेआल माद्रिद या फुटबॉल संघांची फायनल कार्डिफला, ट्युरिनच्या चौकात नुसता पडदा. चोरांच्या टोळीने मिरचीचा फवारा मारला, लोकांना वाटलं हल्ला झाला. दीड हजारांहून जास्त जखमी, पुढे मृत्यूही झाले. बहुतेकांना कापलं ते जमिनीवरच्या फुटक्या बाटल्यांनी. फुकट कार्यक्रमात किती माणूस येणार हे कोणालाच माहीत नसतं, आणि आकडा माहीत नसला की बंदोबस्त आंधळा.

सांगलीची लेक
दादा, ट्युरिनचं तुम्ही सांगितलंत ते माझ्याच बाजूचं आहे. काचेच्या बाटल्या आत कशा आल्या? झडती झाली असती तर? २००६ च्या फुटबॉल विश्वचषकात बर्लिनला ब्रांडेनबुर्ग दरवाज्याजवळ रस्ताभर पडदे लावले होते. आवार भरलं की दारं बंद करत. फुकट म्हणजे बेहिशेबी असं नाही.

आणि एकच मोठं मैदान कशाला? प्रभागाप्रभागात छोटी पटांगणं घ्या. माणूस चालत येईल, चालत जाईल. तुम्ही पडदा लावला नाहीत म्हणून लोक घरी बसणार नाहीत, ते चौकात येणारच.

शेवटची लोकल
डोंबिवलीहून. "चालत जाईल" हे सांगलीत ठीक. इकडे लोक ठाण्याहून दादरला येतील, कारण मजा दादरला. तुमची ती फायनल मध्यरात्रीच्या सुमारास संपली. तेव्हा हजारो माणसं एकदम जिन्यावर आली तर? २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. सकाळची साधी वेळ होती, वर पाऊस. मी तेव्हा त्याच भागात नोकरीला होतो. आजही गर्दीच्या जिन्यावर कठड्याला धरूनच उतरतो. शिवाय शिवाजी पार्क २०१० पासून शांतता क्षेत्र आहे, तिथे तर विषयच नको.

नेट प्रॅक्टिस
मी मुलींना क्रिकेट शिकवते. २ नोव्हेंबरनंतर दोन आठवड्यांत माझ्याकडे नऊ नव्या मुली आल्या. त्यातल्या चौघींनी फायनल बाहेर, लोकांत बसून पाहिली होती. घरी रिमोट भावाच्या हातात असतो. बापाच्या शेजारी बसून अख्खं मैदान बाईच्या झेलावर ओरडताना पाहणं वेगळं असतं. रेल्वेचा मुद्दा मात्र मला पटतो. ठाण्याच्या मुलीला मी दादरला पाठवणार नाही.

गच्चीवरून
हे वाचून थोडा थबकलो. दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, नुसतं चित्र, समालोचन ज्याच्या त्याच्या कानात, असं लेखी मिळणार असेल तर माझा विरोध निम्मा होतो. लोक ओरडतील ते ओरडू देत. त्याला वडील हरकत घेत नाहीत, त्यांचा त्रास भोंग्याचा आहे.

बंदोबस्तातला
कागदावर सगळं होतं. मला एवढंच सांगा, पटांगणाला दारं किती, आणि प्रत्येक दारावर मोजायला कोण उभं राहणार? मंडळाची पोरं नकोत, सामना रंगला की ती आत पळतात.

सांगलीची लेक
आमच्या पटांगणाला दोन दारं. त्यातल्या मागच्या दाराला वर्षभर कुलूप असतं आणि किल्ली कोणाकडे ते गल्लीत कोणालाच ठाऊक नाही. उद्या प्रभाग कार्यालयात पहिला अर्ज त्या किल्लीसाठी देते.